चॅनेल घेतले, नियम मागे राहिले

एकाच वेळी चालणाऱ्या आणि एकमेकींशी बोलणाऱ्या प्रक्रियांचे बीजगणित हा विषय संपला, असे सांगणारे आता जागोजागी भेटतात. ते अडाणी नसतात. बहुतेकांनी मोठ्या प्रणाली चालवलेल्या असतात, रात्री-बेरात्री बंद पडलेले सर्व्हर उठवलेले असतात, आणि त्यांचा युक्तिवाद ऐकताक्षणी पटतो. रॉबिन मिल्नर यांनी एडिंबरोत सीसीएस हे असे बीजगणित मांडले ते १९८० साली. ॲमस्टरडॅममध्ये यान बेर्गस्ट्रा आणि यान विलेम क्लोप यांनी एसीपी रचायला घेतले १९८२ मध्ये. टोनी होअर यांचे सीएसपीवरचे पुस्तक आले १९८५ मध्ये. मिल्नर, योआकिम पारो आणि डेव्हिड वॉकर यांचे पाय-कॅल्क्युलस छापून आले १९९२ मध्ये. एवढा काळ लोटल्यावर, सकाळी कामावर येऊन सीसीएसची समीकरणे सोडवणारा एक तरी प्रोग्रामर दाखवा, असे हे लोक म्हणतात. याच घराण्यातली लोटॉस नावाची भाषा तर १९८९ मध्ये आयएसओचे मानक झाली होती, क्रमांक ८८०७. आज ती कुणाच्या संगणकावर आहे? मग निकाल लागतो: प्राध्यापकांनी प्राध्यापकांसाठी मांडलेला डाव.

लोटॉसवरून मी भांडणार नाही. समितीने घडवलेली ती भाषा बोजड होती. विशेषतः माहितीचे प्रकार लिहिण्याची तिची पद्धत शिकायला अवघड होती आणि उद्योगाने तिच्याकडे पाठ फिरवली, ते बरोबरच केले. ग्रेनोबलमध्ये सीएडीपी या साधनसंचाच्या रूपाने तिचा वंश टिकून आहे, पण त्याच्या आधारावर मी विजयाचा दावा करणार नाही.

माझी हरकत आहे ती मोजपट्टीला. किती जणांनी हाताने समीकरणे सोडवली यावर या बीजगणिताची किंमत ठरत नाही. त्याने एक प्रश्न उचलला होता, जो आजही प्रत्येक टीमपुढे आठवड्याला उभा राहतो: चालू प्रणालीतला एक भाग काढून त्या जागी दुसरा बसवला, तर बाकीच्या भागांना फरक जाणवेल का? लायब्ररीची आवृत्ती बदलताना, एक सेवा फोडून तिच्या दोन करताना, एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे जाताना आपण या प्रश्नाचे उत्तर देतच असतो. ‘काही फरक पडणार नाही’ असे म्हणतो आणि डिप्लॉय करतो. ‘फरक’ म्हणजे नेमके काय, हे मात्र कुणी विचारत नाही. या बीजगणिताने तेवढेच विचारले, आणि विचारताच शाळेत शिकलेला एक नियम त्याला टाकून द्यावा लागला.

तो नियम या विषयाच्या अगदी पहिल्या उदाहरणातच निघतो. नाणे टाकले की पेय देणारे एक यंत्र घ्या. सीसीएसच्या लिपीत क्रियेनंतर बिंदू आणि मग पुढची प्रक्रिया लिहितात. निवडीसाठी अधिकचे चिन्ह. पहिले यंत्र: नाणे.(चहा + कॉफी). दुसरे यंत्र: नाणे.चहा + नाणे.कॉफी. सातवीतला मुलगाही सांगेल की दोन्ही एकच आहेत, क(ख+ग) म्हणजे कख+कग. ऑटोमाटाचा जुना सिद्धांतही तेच सांगतो, कारण दोन्ही यंत्रांकडून घडू शकणाऱ्या क्रियांच्या माळा सारख्या आहेत: नाण्यानंतर चहा, किंवा नाण्यानंतर कॉफी. पण यंत्रापुढे उभे राहून पाहा. पहिल्या यंत्रात नाणे टाकल्यावर निवड तुमच्या हातात आहे. दुसऱ्यात नाणे पडतानाच यंत्राने आतल्या आत ठरवून टाकले आहे. ते कॉफीच्या वाटेला लागले असेल तर चहाचे बटण तुम्ही कितीही दाबा, ते दबणार नाही. तुम्ही चहासाठी थांबलात आणि यंत्र कॉफीसाठी. हाच डेडलॉक.

म्हणून निवडीवर डावीकडून होणारे वितरण या बीजगणितात चालत नाही. एक नियम गेला. पण तो गेल्याबरोबर ‘समान’ या कल्पनेची पुन्हा बांधणी करावी लागली. डेव्हिड पार्क यांनी १९८१ मध्ये बायसिम्युलेशनची व्याख्या देऊन ती बांधणी नेटकी केली: दोन प्रक्रियांपैकी एकीने उचललेल्या प्रत्येक पावलाला दुसरीकडे तसेच पाऊल हवे, त्या पावलानंतर दोघी जिथे पोचतात तिथूनही हीच अट पुन्हा लागू, आणि भूमिका केव्हाही उलटता आल्या पाहिजेत. मिल्नर यांनी ही व्याख्या आपल्या सिद्धांताच्या मध्यभागी बसवली. १९९१ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या मानपत्रातल्या त्यांच्या कामांपैकी हा सिद्धांत एक.

इथे पहिला प्रतिवाद येतो: हे सगळे टेस्टिंगमध्ये कळतेच की, लॉग पाहिला की झाले. गंमत अशी की लॉग हीच वर सांगितलेली क्रियांची माळ आहे, आणि या दोन यंत्रांचे लॉग तंतोतंत सारखे आहेत. घडलेली क्रिया लॉगमध्ये उतरते. नाकारलेली क्रिया उतरत नाही, कारण तिथे उतरवण्यासारखे काही घडलेलेच नसते. स्टीफन ब्रुक्स, होअर आणि बिल रोस्को यांनी १९८४ च्या निबंधात नेमकी हीच फट भरली. प्रक्रियेचा अर्थ सांगताना त्यांनी माळेच्या जोडीला, त्या माळेनंतर प्रक्रिया कोणत्या क्रियांना नकार देऊ शकते, त्याची नोंद ठेवली. टेस्टिंगवाल्यांचे लाडके हत्यार जिथे आंधळे होते, तिथे या मंडळींनी ४० वर्षांपूर्वी दिवा लावून ठेवला आहे.

‘हजार वेळा चालवून पाहू’ म्हणणाऱ्यांनी १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत गेलेली वीज आठवावी. ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना देणारे सॉफ्टवेअर गप्प झाले. दोन प्रक्रिया एकाच माहितीला एका विशिष्ट क्षणी भिडल्या, आणि सूचनांचा प्रवाह अडकला. ऑपरेटरांना तासाभराहून अधिक काळ कळलेच नाही की आपल्याला काही कळत नाहीये. त्या दिवशी अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. कारणे अनेक होती, वाढलेल्या झाडांपासून चुकलेल्या निर्णयांपर्यंत. पण निर्मात्यांच्या बाजूने पुढे आलेला आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे: ते सॉफ्टवेअर एकूण ३० लाखांहून अधिक तास चालले होते आणि त्या काळात ती चूक एकदाही उघडी पडली नव्हती. सीसीएसने ही दुर्घटना टळली असती असा माझा दावा नाही. ३० लाख तास चालून दाखवणे हा समांतर प्रणालीचा पुरावा होत नाही, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. तो म्हणतो, तुमच्या सिद्धांतात जे उपयोगाचे होते ते आम्ही उचलले, उरलेले फोलपट. पुरावा म्हणून गो भाषा पुढे केली जाते. २००९ मध्ये जाहीर झालेल्या या भाषेत चॅनेल आहेत, सिलेक्ट आहे, आणि तिचे कर्ते सीएसपीचे ऋण उघड मान्य करतात. बेल लॅब्समधल्या न्यूस्क्वीक, आलेफ, लिंबो या भाषांमधून ही वंशवेल गोपर्यंत आली आहे. म्हणजे चॅनेल मिळाले, बीजगणित लागले नाही, भागले.

आता नीट पाहू काय उचलले ते. होअर यांचा १९७८ चा मूळ लेख हा प्रोग्रामिंग भाषेचा प्रस्ताव होता. त्यात प्रक्रिया होत्या, एकमेकींना देणेघेणे होते, त्यांतली निवड होती. समीकरणे नव्हती, आणि प्रक्रियेचा अर्थ कोणत्या गणिती वस्तूत सांगायचा हेही ठरलेले नव्हते. ते १९८४ आणि १९८५ मध्ये आले. चॅनेलवाल्या भाषांनी पहिल्या टप्प्यातली कल्पना घेतली आणि दुसऱ्या टप्प्यातला हिशेब सोडला. परिणाम मोजला गेला आहे. २०१९ मध्ये डॉकर, कुबरनेटीस, एटसीडी यांसह गोमध्ये लिहिलेल्या ६ मोठ्या प्रकल्पांतल्या १७१ समांतरतेच्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोड अडकून पडण्याच्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त चुका कुलुपांमुळे नव्हत्या, तर संदेशांच्या देवाणघेवाणीमुळे होत्या. कुणीतरी चॅनेलवर पाठवायला थांबले आहे आणि घेणारा टाइमआउट होऊन निघून गेला आहे, अशा थाटाच्या.

विरोधक हाच अभ्यास माझ्याविरुद्ध वापरतात: पाहा, संदेशांची पद्धतही सुरक्षित नाही! पण ती आपोआप सुरक्षित होते असे मिल्नर किंवा होअर म्हणाले कधी? नाणे.चहा + नाणे.कॉफी या एका ओळीत त्यांनी उलटेच सांगितले होते. टाइमआउट होऊन निघून गेलेला घेणारा म्हणजे आतल्या आत निर्णय घेतलेले यंत्र. ही १७१ मधली चूक आणि पाठ्यपुस्तकातले ते यंत्र, दोन्हींचा सांगाडा एकच. सांगाडा ओळखायचे शिक्षण फोलपट म्हणून टाकायचे आणि मग चूक सापडली की हत्याराला नावे ठेवायची: नाचता येईना, अंगण वाकडे.

तिसरा आक्षेप मला आवडतो, कारण त्यात थोडे खरे आहे. या मंडळींना समान म्हणजे काय हे आपसातच ठरवता आलेले नाही, असा तो आहे. रॉब व्हान ग्लाबेक यांनी १९९० मध्ये या समानतांचा पट मांडला आणि १९९३ मध्ये अदृश्य क्रियांसह तो वाढवला, तेव्हा यादी दीडशेच्या पुढे गेली. ज्या शास्त्रात बरोबरच्या चिन्हाचे दीडशे अर्थ आहेत, ते कसले शास्त्र?

इथे जरा थांबून अदृश्य क्रियेबद्दल बोलले पाहिजे, कारण सगळी गुंतागुंत तिथून येते. दोन भाग आपसात बोलले की बाहेरच्याला ते दिसत नाही. सीसीएसमध्ये त्या न दिसणाऱ्या पावलाला टाऊ म्हणतात. आता ‘टाऊ, मग पैसे पाठव’ आणि नुसते ‘पैसे पाठव’ या दोन प्रक्रिया बाहेरून सारख्याच वाटतात. एक क्षणभर जास्त घेईल, बस. पण दोन्हींच्या शेजारी ‘रद्द कर’ हा पर्याय ठेवा. ‘रद्द कर + पैसे पाठव’ यात दोन्ही बटणे तुमच्यासाठी उघडी राहतात. ‘रद्द कर + टाऊ.पैसे पाठव’ यात प्रणाली तुम्हाला न विचारता ते अदृश्य पाऊल उचलू शकते, आणि त्यानंतर रद्द करण्याची सोय गेलेली असते. एकटे असताना जे सारखे होते, ते शेजारी पर्याय येताच वेगळे झाले. म्हणजे एकट्याने तपासलेली समानता बदलीसाठी पुरत नाही. कोणत्याही संदर्भात बसवले तरी टिकणारी समानता हवी. मिल्नर यांनी तशी समानता काढली. पहिले अदृश्य पाऊल दुसऱ्या बाजूनेही किमान एका अदृश्य पावलाने फेडायचे, एवढी बारीक दुरुस्ती, आणि बेरीज सुरळीत झाली. युनिट टेस्ट पास झालेले दोन भाग एकत्र आल्यावर का बिघडतात, याचे इतके छोटे आणि इतके नेमके उदाहरण मला दुसरीकडे कुठे आढळलेले नाही.

दीडशे समानतांचे उत्तरही यातच आहे. प्रत्येक समानता सांगते की पाहणारा कोण आहे आणि त्याला काय करता येते. तो फक्त लॉग वाचतो का, बटण दाबून नकार अनुभवतो का, मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करू शकतो का. पाहणारे बदलले की समानता बदलणारच. व्यवहारात त्यांतल्या तीन-चारच वापरल्या जातात, आणि व्हान ग्लाबेक यांचे काम त्यांच्यातली नाती दाखवणाऱ्या नकाशाचे आहे. त्याला हॉटेलचे मेनूकार्ड समजण्याचे कारण नाही. शिवाय आक्षेप घेणाऱ्यांचीही एक समानता असतेच: सगळ्या टेस्ट हिरव्या. तीही त्या पटावर कुठेतरी बसते, बरीच खालच्या पायरीवर. फरक इतकाच की ती कुणी लिहून ठेवलेली नसते.

खरा मतभेद एका ठिकाणी आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एखादी प्रक्रिया आतल्या आत अखंड घुमत राहिली, बाहेर कधीच काही न देता, तर तिला काय म्हणायचे? सीएसपीचे उत्तर कडक आहे: ही पूर्ण नापास, तिच्याकडून कशाचीच हमी नाही. मिल्नरांची टाऊकडे डोळेझाक करणारी समानता अशा घुमण्याकडे दुर्लक्ष करते. माझ्या मते विमानात किंवा इस्पितळात बसणाऱ्या यंत्रासाठी सीएसपीचा कडकपणाच हवा. पण तुटक्या तारेवरून संदेश पाठवण्याचा विचार करताना तोच कडकपणा आडवा येतो, कारण तार अनंत वेळा संदेश गिळत राहण्याची शक्यता कागदावर नेहमीच असते.

तार आलीच आहे तर चौथा आक्षेप. सीसीएस आणि सीएसपीमध्ये देणारा आणि घेणारा एकाच क्षणी हात मिळवतात. खऱ्या नेटवर्कमध्ये असे कुठे होते? संदेश उशिरा पोचतात, हरवतात, दोनदा येतात. म्हणून सगळे मॉडेल अवास्तव.

हा आक्षेप घेणाऱ्यांनी पुस्तक अर्ध्यावर सोडलेले असते. तार स्वतः एक प्रक्रिया आहे. तिला तसे लिहायचे. एका टोकाने संदेश घ्यायचा, मग दुसऱ्या टोकाने द्यायचा किंवा गपकन गिळायचा. पाठवणारा तारेशी हात मिळवतो आणि तार घेणाऱ्याशी. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत १९६९ मध्ये मांडलेला एक प्रोटोकॉल, प्रत्येक संदेशासोबत शून्य किंवा एक अशी आलटून-पालटून खूण पाठवणारा, या विषयाच्या प्रत्येक शाळेने अशा पद्धतीने सोडवला आहे. पाठवणारा, घेणारा, जाताना संदेश गिळणारी तार, येताना पोच गिळणारी तार, चौघांना एकत्र ठेवा, आतले संवाद झाका, आणि उरते ते एकच घर असलेल्या साध्या साठ्याच्या तोलाचे. इकडून टाका, तिकडून काढा. अर्थात तार कायमची गिळत राहणार नाही असे गृहीत धरावे लागते. पण गृहीतक डोळ्यांपुढे आले, ही जमेची बाजू.

हात मिळवण्याची किंमत किती, हेही या बीजगणितानेच सांगितले. कातुशिया पालामिदेस्सी यांनी १९९७ मध्ये पाय-कॅल्क्युलसच्या दोन रूपांची तुलना केली. एकात एकाच निवडीत पाठवणे आणि घेणे दोन्ही ठेवता येतात. दुसऱ्यात फक्त पाठवून मोकळे होता येते. अगदी एकसारख्या प्रक्रियांच्या मेळाव्यातून एक नेता निवडायचा, असा प्रश्न घेतला तर पहिल्या रूपात तो सुटतो आणि दुसऱ्यात सुटत नाही. म्हणून पहिल्याचे दुसऱ्यात साधे, सममिती न मोडणारे भाषांतर करता येत नाही. गो भाषेत एकाच सिलेक्टमध्ये पाठवणे आणि घेणे दोन्ही लिहिता येते. ते एका मशीनवर चालते, कारण रनटाइम चॅनेलांची कुलुपे मेमरीतल्या पत्त्यांच्या ठरलेल्या क्रमाने घेतो. सगळे सारखे असणे तिथेच मोडते. तेच सिलेक्ट दोन डेटा सेंटरांमध्ये पसरवायला जा, तो सामाईक क्रम हातात नसतो. मग ओळख-क्रमांक हवेत, नाणेफेक हवी किंवा मध्यस्थ हवा. हा निष्कर्ष कुणा आर्किटेक्टच्या अनुभवातून नव्हे, प्रमेयातून आला. अनुभवी आर्किटेक्टला तो पटतो, हे वेगळे.

आणि सगळे एकाच पद्धतीने बोलावे असा हट्टही या लोकांनी धरलेला नाही. मुंबईत आयआयटीतले एस. रमेश आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आर. के. श्यामसुंदर यांनी फ्रान्सच्या जेरार बेरी यांच्यासोबत १९९३ मध्ये एक आराखडा मांडला. प्रत्येक नोडच्या आत एस्तेरेल भाषेचा ताल, सगळे एका ठेक्यावर; नोड-नोडमध्ये मात्र सीएसपीसारखी गाठभेट. उपकरणांच्या आत आणि उपकरणांच्या मध्ये काळाचे नियम वेगळे असतात, हे ‘अवास्तव’ म्हणवल्या जाणाऱ्या सिद्धांतानेच लिहून दाखवले.

समांतर प्रणाली जाळ्यांच्या आकृत्यांनी मांडणाऱ्या पेट्री नेटवाल्यांचा आक्षेप मी थोडक्यात आटोपतो. कार्ल ॲडम पेट्री यांचा प्रबंध १९६२ चा, त्यामुळे ज्येष्ठतेचा मान त्यांचा. त्यांचे म्हणणे, सीसीएसमध्ये ‘क आणि ख सोबत’ म्हणजे ‘क मग ख किंवा ख मग क’ एवढेच उरते. खरी समांतरता गळून जाते. बरोबर आहे. क या क्रियेचे पुढे दोन तुकडे केले तर ख त्यांच्या मध्ये घुसू शकते, आणि मग हे समीकरण तुटते. क्रिया अखंड मानायची तर हे बीजगणित घ्या. कार्यकारणाची साखळी हवी तर नेट घ्या. २००० नंतर व्यवसाय-प्रक्रियांच्या बाजारात पाय-कॅल्क्युलसचे नाव मंत्रासारखे फिरवले गेले, तेव्हा विल व्हान डेर आल्स्ट यांनी त्या गाजावाजाची खिल्ली उडवली, तीही योग्यच होती. तो गाजावाजा विक्रेत्यांचा होता. त्यात ना पाय होते ना कॅल्क्युलस.

आता ‘एक तरी उपयोग दाखवा’ या आव्हानाकडे येतो. मी एकच घेतो, पण सविस्तर.

१९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी सार्वजनिक किल्लीवर चालणारा ओळख पटवण्याचा एक प्रोटोकॉल छापला. सार तीन संदेशांचे. अ हा ब च्या किल्लीने बंद करून स्वतःचे नाव आणि एक ताजा गुप्त अंक पाठवतो. ब हा अ च्या किल्लीने बंद करून तो अंक आणि स्वतःचा नवा अंक परत पाठवतो. अ हा ब चा अंक ब च्या किल्लीने बंद करून माघारी देतो. दोघांनी एकमेकांचे अंक उघडून दाखवले, म्हणजे ओळख पटली. वर्षानुवर्षे हा प्रोटोकॉल अभ्यासला गेला. १९८९ मध्ये श्रद्धांच्या एका तर्कशास्त्राने तो तपासला आणि त्यालाही ही खोट दिसली नाही.

१९९५ मध्ये ऑक्सफर्डच्या गॅव्हिन लो यांनी त्यावरचा हल्ला दाखवला. १९९६ च्या निबंधात त्यांनी अ आणि ब यांना सीएसपीच्या प्रक्रिया म्हणून लिहिले, तिसरी प्रक्रिया घुसखोराची लिहिली, तिघांना सोबत ठेवले आणि एफडीआर या साधनाला विचारले: ब ला वाटते की आपण अ शी बोललो, तर अ खरोखर ब शी बोलायला निघाला होता ना? साधनाने उलटे उदाहरण काढून दिले. अ स्वतःहून, प्रामाणिकपणे, घुसखोराशी संवाद सुरू करतो. घुसखोर हा जाळ्यातला नोंदणीकृत सभासद आहे. तो अ चा पहिला संदेश उघडतो, ब च्या किल्लीने पुन्हा बंद करतो आणि अ च्या नावाने ब कडे पाठवतो. ब चे उत्तर अ च्या किल्लीने बंद आहे, घुसखोराला ते उघडता येत नाही. म्हणून तो ते जसेच्या तसे अ कडे सरकवतो. अ ला वाटते हे घुसखोराचेच उत्तर. तो ते उघडतो आणि आतला ब चा अंक घुसखोराच्या किल्लीने बंद करून त्याच्याच हातात देतो. काम फत्ते. ब ची खात्री की समोर अ आहे. इलाज एका शब्दाचा निघाला: ब ने दुसऱ्या संदेशात स्वतःचे नाव घालायचे. मग लो यांनी हेही सिद्ध केले की दुरुस्त प्रोटोकॉलवर मोठ्या जाळ्यात हल्ला शक्य असता, तर तो या छोट्या तिघांच्या खेळातही दिसला असता.

नीडहॅम आणि श्रोडर यांच्या बाजूने एवढे सांगायला हवे की त्यांच्या काळी सभासद प्रामाणिक मानले जात. चोर बाहेरचा असे. पण मग हे टेस्टिंगला का दिसले नाही? कारण टेस्ट लिहिणारा घुसखोराला ठरलेले चार डाव देतो. लो यांनी डाव दिले नाहीत. त्यांनी फक्त सांगितले की घुसखोराला काय ऐकता येते, काय उघडता येते आणि काय रचता येते, आणि त्याला मोकळे सोडले. शत्रू हीसुद्धा शेजारी ठेवलेली आणखी एक प्रक्रिया, ही कल्पना ‘सोबत’ या एका चिन्हाला पक्का अर्थ दिल्याशिवाय सुचत नाही. याच वाटेने पुढे मार्टिन अबादी आणि अँड्र्यू गॉर्डन यांचे स्पाय-कॅल्क्युलस आले, अबादी आणि सेड्रिक फूर्ने यांचे उपयोजित पाय-कॅल्क्युलस आले, आणि ब्रुनो ब्लाँशे यांचे प्रोव्हेरिफ हे साधन आले. आपल्या ब्राउझरमधल्या टीएलएस १.३ या सुरक्षित जोडणीच्या प्रोटोकॉलचा मसुदा घडत असताना तो तपासण्यात प्रोव्हेरिफचा हात होता. समीकरणे सोडवणारा प्रोग्रामर कुठे आहे, असे विचारणारे हा प्रश्न बहुधा त्याच टीएलएसवरून पाठवत असतात.

‘हे तर मॉडेल चेकिंग, म्हणजे सगळ्या शक्य अवस्था यंत्राने तपासणे; बीजगणित कुठे?’ ही पळवाट उरते. प्रत्येकी १० अवस्थांचे १० भाग सोबत ठेवले की १,००० कोटी अवस्था होऊ शकतात. हा स्फोट खरा आहे आणि या क्षेत्राचे सर्वांत जुने दुखणे आहे. त्यावरच्या चांगल्या उताऱ्यांपैकी एक असा: प्रत्येक भाग आधी त्याच्याहून लहान पण समान भागाने बदलायचा, मगच एकत्र आणायचे. हे करण्याचा परवाना कुठून येतो? संदर्भात टिकणाऱ्या समानतेतून. त्या टाऊच्या शेजारी ‘रद्द कर’ ठेवून पाहिले होते, तिथून.

सगळ्यांत वजनदार विरोधक मी शेवटी ठेवला. लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए+ ही भाषा म्हणते, प्रक्रिया वगैरे विसरा. संपूर्ण प्रणालीची अवस्था लिहा, ती कशी बदलते ते लिहा, आणि काय कधीच मोडू नये ते लिहा. ॲमेझॉनच्या इंजिनीअरांनी २०१५ मध्ये सांगितले की या पद्धतीने त्यांच्या मोठ्या सेवांमधल्या खोल चुका बाहेर आल्या. मी त्यावर विश्वास ठेवतो. संपूर्ण रचना एकाच टीमच्या ताब्यात असेल, तर टीएलए+ शिकायला सोपी आहे आणि बहुधा पुरेशी आहे. सीसीएसच्या प्रेमाखातर कुणी ती सोडावी असे मी म्हणणार नाही.

पण ‘संपूर्ण प्रणाली’ नेहमी कुणा एकाच्या ताब्यात असते का? फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेवरच्या सर्नच्या सीएमएस प्रयोगाचे नियंत्रण हजारो छोट्या अवस्था-यंत्रांच्या उतरंडीतून चालते, आणि ती वेगवेगळ्या गटांनी लिहिलेली आहेत. आइंडहोव्हनच्या संशोधकांनी त्या यंत्रांच्या भाषेचा अर्थ एमसीआरएल२ या प्रक्रिया-बीजगणितात पक्का केला आणि आतल्या आत घुमत राहणारी यंत्रे शोधून काढली. कोहेई होंडा यांनी १९९३ पासून घडवलेले सत्र-प्रकार चॅनेलवरच्या संवादाचा क्रमच टाइपमध्ये लिहितात, म्हणजे पलीकडची बाजू परक्या कंपनीने लिहिली असली तरी बोलण्याची शिस्त कंपायलर तपासू शकतो. अशा ठिकाणी संपूर्ण अवस्था लिहायला कुणी बसूच शकत नाही, कारण पलीकडचा भाग उद्या बदलणार आहे आणि बदलणारा तुम्हाला विचारणार नाही. तिथे हातात असतो तो फक्त तुमचा भाग, त्याच्या कडेला असलेले चॅनेल, आणि पलीकडून कायकाय येऊ शकते याचे वर्णन.

तेव्हा विरोधकांना माझे सांगणे एवढेच: पुढच्या वेळी बदलानंतर ‘बाहेरून काही फरक नाही’ असे लिहाल, तेव्हा त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहा. पाहणारा कोण धरला आहे, आणि नकार त्याला दिसतो का.